अपग्रेडची रात्र आणि आधीचे पंधरा दिवस

वाङ्मय मंडळाच्या अंकात सर्व्हरवर लेख कशाला, हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. मी स्वतः या मंडळात तीन वर्षं काढली. भित्तिपत्रक चिकटवलं, कविसंमेलनाच्या खुर्च्या मांडल्या, एकदा आभार मानताना पाहुण्यांचंच नाव विसरलो. मराठी घेऊन बीए झालो आणि पुढे कसा कोण जाणे, संगणकाच्या खोलीत जाऊन पडलो. आता पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो.

तुमच्यातले बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या कार्यालयात बसणार. तिथे एक दिवस फळ्यावर किंवा व्हॉट्सअॅपवर सूचना येईल : 'शनिवारी रात्री १० ते रविवारी पहाटे ६ सर्व्हर अपग्रेड. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' आपण ती वाचतो, बरं म्हणतो, पुढे जातो. मला त्या सूचनेबद्दलच बोलायचं आहे. अपग्रेड नीट होणार की फसणार हे त्या रात्री ठरत नाही, आधीच्या पंधरा दिवसांत ठरतं. आणि आपल्याकडे त्या पंधरा दिवसांना कोणी काम मानायलाच तयार नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो. पूर्वी एका कामाला एक मशीन असायचं. हजेरीचं वेगळं, पगाराचं वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं. आता एकाच दणकट मशीनच्या पोटात वीस-तीस 'व्हर्च्युअल' मशीनं चालतात. मोठ्या वाड्यात वेगवेगळी बिऱ्हाडं राहावीत तसं. प्रत्येकाची चूल वेगळी, पण भिंती, विहीर आणि छप्पर एकच. असे तीन-चार वाडे झाले की सगळ्यांवर नजर ठेवायला एक कारभारी लागतो. कोणाला कुठे खोली द्यायची, कोणाला या वाड्यातून त्या वाड्यात हलवायचं, किल्ल्या कोणाकडे, हे तो बघतो. हा कारभारी म्हणजे मॅनेजमेंट सर्व्हर. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत त्याचं नाव व्हीसेंटर, आणि खालच्या मोठ्या मशीनांवर जे चालतं ते ईएसएक्सआय. माझा रोजचा संबंध त्यांच्याशी, म्हणून उदाहरणंही तीच देतो.

यातली गंमत अशी की कारभारी झोपला तरी बिऱ्हाडं जागीच असतात. व्हीसेंटर बंद पडलं म्हणून पगाराचं मशीन बंद पडत नाही. हाय अव्हेलेबिलिटी एकदा आखून दिलेली असली, तर एखादं मोठं मशीन गेल्यावर त्याच्यावरची बिऱ्हाडं दुसरीकडे उभी करण्याचं कामसुद्धा उरलेली मशीनं आपापसात उरकतात. थांबतं ते इतकंच : चालू मशीन हलवणं, भार वाटणं, नवीन मशीन थाटणं. आणि हो, बहुतेक ठिकाणी बॅकअप. कारण बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर कारभाऱ्याला विचारूनच आत शिरतं. हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा.

या गंमतीमुळेच वरच्या माणसांना वाटतं, याला काय एवढं जपायचं? आमच्या गोव्यात याच्यावर ठरलेलं वाक्य आहे : "चलता न्हय रे, मागीर कित्याक हात लावपाचो?" हे वाक्य मूर्खपणाचं आहे असं मी म्हणणार नाही. चालत्या गाडीला उगीच हात लावून ती बंद पाडणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यात मीही आहे. पण सॉफ्टवेअरला मुदत असते. व्हीसेंटरच्या ६.५ आणि ६.७ या आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला. ७ चा २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८ चा ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. सपोर्ट संपला म्हणून मशीन दुसऱ्या दिवशी थांबत नाही. फक्त त्यात नवं भोक सापडलं की ते बुजवायला कोणी येत नाही. ठिगळ आहे पण लावलं नाही म्हणजे काय होतं, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये जगाने पाहिलंच. ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या खंडणीखोर व्हायरसने हजारो सर्व्हरांवरच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून तो शिरला असं सांगितलं गेलं, त्याचं ठिगळ फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होतं. दोन वर्षं! त्या दोन वर्षांत त्या त्या कार्यालयांत काय म्हणत असतील? चलता न्हय रे.

म्हणजे अपग्रेड करायचं की नाही, हा वादच नाही. वाद आहे तो कसं करायचं याचा.

माझं पहिलं अपग्रेड २०२२ च्या पावसाळ्यातलं. तेव्हा मी दुसऱ्या एका कार्यालयात होतो. ६.७ वरून ७ वर जायचं होतं. मला शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं, "उद्या रात्री करून टाकूया." मी नवीन, त्यात उत्साही. विचारलं नाही की आज शुक्रवार आहे, तयारी कधी करायची? उलट अभिमान वाटला की आपल्याला निवडलं.

शनिवारी रात्री पावणेबारा. इन्स्टॉलरने जुन्या मशीनचा रूट पासवर्ड मागितला. आमच्याकडे होता तो चालेना. या पासवर्डला मूळ सेटिंगमध्ये ९० दिवसांची मुदत असते, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. मधे कधीतरी तो बदलला होता, आणि ज्याने बदलला तो गृहस्थ नोकरी सोडून लिस्बनला गेला होता. आमच्याकडे हे नवीन नाही, प्रत्येक कार्यालयातला एक तरी माणूस लिस्बनला किंवा आखातात असतोच. व्हॉट्सअॅपवर फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. बिचारा स्वयंपाकघरात उभा राहून कांदा चिरता चिरता पासवर्ड आठवत होता. तिसऱ्या प्रयत्नात आठवला.

पुढे दीडच्या सुमाराला दुसरा अडथळा. व्हीसेंटरला नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, दोन्ही बाजूंनी सापडावं लागतं. डीएनएसमध्ये नावावरून पत्ता मिळत होता, उलटी नोंद कोणी केलीच नव्हती. ती करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तो घरी झोपलेला. त्याच्या बायकोने फोन उचलला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

पहाटे पावणेपाचला काम झालं. आम्ही बाजारात जाऊन गरम भाजी-पाव खाल्ला, सरांनी पाठ थोपटली. सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं की रात्रभर जागून पोरांनी काम फत्ते केलं.

एकोणीस दिवसांनी अकाउंट्समधल्या बाईंची एक फाईल बिघडली. मोठी नव्हती, पण रोजच्या नोंदींची. म्हणाल्या, कालची मिळेल का? मी म्हटलं, मिळेल की, दोन मिनिटं. बॅकअप उघडून बघतो तर शेवटचा चांगला बॅकअप त्या शनिवारच्या आधीचा. आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी होती, ती नव्या व्हीसेंटरशी बोलतच नव्हती. रोज रात्री प्रयत्न करत होती, रोज फसत होती, आणि रोज इमानदारीने तक्रारीची ईमेल पाठवत होती. कोणाला? लिस्बनवाल्याच्या जुन्या पत्त्यावर.

दोष कंपनीचा नव्हता. कुठली आवृत्ती कशाबरोबर चालते, हे त्यांनी तक्त्यात छापलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

बाईंनी चार संध्याकाळी थांबून व्हाउचरांवरून सगळं पुन्हा टाईप केलं. एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त शेवटच्या दिवशी पर्स उचलताना विचारलं, "तुमचं ते अपग्रेड झालं ना रे नीट?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. मी हो म्हटलं.

तेव्हापासून मला रात्रभर जागण्याच्या कौतुकाचा तिटकारा आहे. जागरण हा पराक्रम नाही. ज्या गोष्टी दुपारी तीन वाजता चहा पिता पिता बघता आल्या असत्या, त्या आम्ही पहाटे तीनला बघितल्या, एवढाच त्याचा अर्थ.

मग पंधरा दिवसांत करायचं काय? पहिलं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे कारभाऱ्याच्या जिवावर कोण कोण आहे ते शोधणं. बॅकअप तर आहेच. शिवाय देखरेखीचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, स्टोरेजवाल्यांनी जोडलेलं एखादं प्लगइन, कोणीतरी चार वर्षांपूर्वी लिहिलेली आणि रोज पहाटे गुपचूप चालणारी एखादी स्क्रिप्ट. प्रत्येकाच्या कंपनीचा तक्ता काढायचा, नव्या आवृत्तीबरोबर चालतं की नाही ते बघायचं, नसेल तर आधी त्याला वर न्यायचं. हे संगणकाचं काम कमी आणि चौकशीचं जास्त. टेबलाटेबलावर जाऊन विचारावं लागतं, आणि माणसं वैतागतात.

मग पायऱ्या मोजायच्या. ६.५ वरून थेट ८ वर उडी मारता येत नाही, आधी ६.७ किंवा ७ गाठावं लागतं. त्यातही एक चकवा आहे. जुन्या आवृत्तीचं अगदी ताजं ठिगळ तुमच्याकडे असेल आणि नव्या आवृत्तीचं तुम्ही उतरवलेलं बिल्ड त्याच्या आधीच्या तारखेचं असेल, तर नंबर मोठा असूनही ती उडी चालत नाही. कंपनीच्या लेखी तुम्ही काळात मागे जात असता. क्रमही ठरलेला : आधी कारभारी, मग वाडे, मग बिऱ्हाडं. नवा कारभारी जुना वाडा काही मर्यादेपर्यंत सांभाळतो, जुन्या कारभाऱ्याला नवा वाडा सांभाळता येत नाही. शिवाय वाड्याचं हार्डवेअर नव्या आवृत्तीला चालतं का, तेही आत्ताच बघायचं. प्रोसेसर जुना म्हणून बाद झाल्याचं शेवटी कळण्यात काय अर्थ आहे?

नाव-पत्त्याच्या दोन्ही नोंदी, सगळ्या मशीनांची घड्याळं एक वेळ दाखवतात का, डिस्कवर जागा किती, पासवर्ड आज, आत्ता, हाताने टाईप करून चालतो का, हे सगळं एका दुपारचं काम. सर्टिफिकेटांची मुदतही त्यातच बघायची. ६.५ आणि ६.७ च्या काही आवृत्त्यांत आतल्या एका सही करणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत दोनच वर्षांची होती. ते संपलं की एके सकाळी कोणालाच लॉगिन करता येत नसे. अपग्रेडच्या मधोमध असं काही निघालं की माणसाला वाटतं अपग्रेडने घोळ केला. वास्तविक घोळ आधीचाच असतो.

बॅकअपबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तिथेच आपण स्वतःला फसवतो. व्हीसेंटरचा स्वतःचा बॅकअप घेण्याची सोय त्याच्या ५४८० नंबरच्या पोर्टवरच्या पानावर असते. तो बाहेर कुठेतरी ठेवायचा. 'बाहेर' म्हणजे त्याच वाड्यातल्या दुसऱ्या खोलीत नव्हे. पण पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे : हा बॅकअप परत भरायचा तर त्याच जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर लागतो. बॅकअप आहे, पण जुनी आयएसओ फाईल 'जागा खाते' म्हणून कोणीतरी पुसून टाकली, मग काय करणार? २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, कायमची लायसन्सं विकणं बंद झालं, डाऊनलोडची पानं हलली. पूर्वी सहज उतरवता यायची ती फाईल आता तशी मिळेलच असं गृहीत धरू नये. ती आपल्या कपाटात असलेली बरी.

याच्या जोडीला अपग्रेडच्या अगदी आधी, जुनं मशीन बंद करून स्नॅपशॉट. दोन-तीन व्हीसेंटर एकमेकांना जोडलेली असतील तर सगळी एकाच वेळी बंद करून सगळ्यांचे स्नॅपशॉट घ्यायचे. नाहीतर एकाला मागे नेलं की दुसऱ्याशी त्याचा ताळमेळ राहत नाही. आणि त्या रात्रीपुरती भार वाटणारी आपोआप व्यवस्था, डीआरएस, हातावर आणून ठेवायची. ज्या मशीनवर आपण काम करतोय तेच भलतीकडे हललेलं कोणाला हवंय?

लॅपटॉपसुद्धा विसरू नका. इन्स्टॉलर लॅपटॉपवरून चालतो, आणि मधेच लॅपटॉप झोपला किंवा वीज गेली तर काम अर्ध्यावर अडकतं. जूनमध्ये आमच्याकडे वीज किती जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावरूनच वरिष्ठांशी माझं वाजतं. थांबायचं कुठे, हे आधी लिहून ठेवायचं. व्हीसेंटरचं अपग्रेड दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात जुन्याच्या शेजारी नवं मशीन तात्पुरत्या पत्त्यावर उभं राहतं. दुसऱ्यात जुन्यातली माहिती नव्यात जाते, जुनं बंद होतं आणि नवं त्याचं नाव-पत्ता घेतं. जुनं पुसलं जात नाही, फक्त बंद असतं. म्हणजे फसलं तर नवं बंद करा, जुनं चालू करा, घरी जाऊन झोपा. इतकी चांगली परतीची वाट क्वचित मिळते. पण ती वाट तोपर्यंतच, जोपर्यंत तुम्ही खालचे वाडे नव्या आवृत्तीवर नेलेले नाहीत. ते नेले की जुना कारभारी निकामी. म्हणून दोन्ही कामं एका रात्रीत करायची नाहीत. कारभारी एका शनिवारी, वाडे पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या. मधल्या दिवसांत बॅकअप खरंच होतोय का, त्यातली एक फाईल परत आणून बघायची. आमच्या त्या बाईंचे चार दिवस एवढ्याने वाचले असते.

वरिष्ठ म्हणतात, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे." पहाटे दोनला म्हणतात, "आता इतकं आलोच आहोत तर." पहाटे दोनला माणसाची बुद्धी चालत नाही, हट्ट चालतो. म्हणून 'रात्री १ पर्यंत दुसरा टप्पा सुरू झाला नाही तर परत फिरणे' हे वाक्य दुपारी लिहून, वरिष्ठांची सही घेऊन, भिंतीवर चिकटवलेलं असावं. आणि ते अमलात आणण्याचा अधिकार कीबोर्डवर बसलेल्या माणसाला असावा, मग तो कितीही कनिष्ठ असो. परत फिरणं म्हणजे नापास होणं नव्हे. पण आपल्याकडे सोमवारी कौतुक होतं ते रेटून नेणाऱ्याचं. वेळेवर परत फिरलेल्याला विचारतात, "मग रात्रभर केलंत काय?"

इथे मंडळाशी संबंध येतो. ही तयारी म्हणजे शेवटी लेखन आहे. मी पाहिलेल्या बहुतेक तयारीच्या कागदांत 'आवश्यक ती खबरदारी घ्यावी', 'सर्व बाबी तपासून पुढील कार्यवाही करावी' असलं मराठी असतं, नाहीतर कुठून तरी उचललेलं इंग्रजी. दोन्ही वाचून थकलेल्या माणसाला काही करता येत नाही. याउलट, '१०.४० : जुनं मशीन बंद. स्नॅपशॉट, नाव अपग्रेडपूर्व. यादीत दिसला? मगच पुढे.' हे ज्याला कळणार नाही असा माणूस नाही. आम्हाला मंडळात सर नेहमी सांगायचे, कविता मोठ्याने वाचून बघ, कुठे अडतं ते कळेल. मी तयारीचा कागद तसाच वाचतो. हे काम कधीही न केलेल्या माणसाला वाचून दाखवतो. तो जिथे "म्हणजे काय?" म्हणतो, तिथे वाक्य बदलतो. तुमच्यात कोणी चांगलं, सरळ मराठी लिहिणारं असेल तर अशा कागदांना तुमची गरज आहे, असं मी मनापासून सांगतो.

यावर आक्षेप असतो की छोट्या संस्थेत माणसंच नाहीत, पंधरा दिवस कोण देणार? खरं आहे. आमच्याकडेही दोघंच आहोत. पण मी पंधरा अख्खे दिवस मागत नाही. रोजचा एक तास मागतो, फक्त तो कामाचा तास म्हणून मोजला जावा. काही जण म्हणतात, आता लायसन्स परवडत नाही, दुसऱ्याच व्यवस्थेवर जाऊ. जरूर जा, माझी हरकत नाही. पण कोण कोणाच्या जिवावर आहे ही यादी तिथेही लागणारच, उलट जास्त.

आमच्या सध्याच्या कार्यालयात ७ वरून ८ वर जायचं आहे. मुदत उलटून गेली हे मान्य, हार्डवेअरचा एक भाग यायला उशीर झाला. नाताळच्या सुट्टीतला पहिला शनिवार ठरलाय. वही डिसेंबरच्या पहिल्या तारखेला उघडली. साहेबांनी विचारलं, इतक्या आधी कशाला? मी त्यांना बाईंची गोष्ट सांगितली. ते ऐकून गप्प बसले, पण रोजचा तास त्यांनी अजून लेखी दिलेला नाही, तोंडी 'बघू' म्हणालेत. वहीत आतापर्यंत एकतीस ओळी झाल्यात. पहिली ओळ अशी आहे : 'बॅकअपच्या तक्रारीची ईमेल कोणाला जाते? तो माणूस अजून इथे आहे का?'